खडे मीठ पाण्यात घातलं की समुद्र होतो का? सातारा-सांगलीतल्या रीफ टाकीचं खारं गणित

निळ्या लाईटखाली डोलणारे प्रवाळ, त्यांच्यात लपाछपी खेळणारा केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा 'निमो' आणि मागे घरातल्या हॉलची भिंत. असं रील समोर आलं की अंगठा थांबतोच. ही हौस साताऱ्यात किंवा सांगलीत कुणाला लागली, तर मासे कुठून आणायचे हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असतो, समुद्र कुठून आणायचा?

मुंबईला हा प्रश्न पडत नाही. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, तेव्हा खारं पाणी समोरच होतं. साताऱ्यासमोर मात्र सह्याद्री उभा आहे. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला तेव्हा शिरोड्याच्या मिठागरांवर लोक चालून गेले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात समुद्रच नव्हता, म्हणून बिळाशीच्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला. समुद्र नसला तर दुसरा मार्ग काढायचा, ही इथली जुनी सवय.

रीफ टाकीसाठी काढला जाणारा दुसरा मार्ग म्हणजे बाजारातलं मीठ. कारण हिशेबच तसा दिसतो.

समजा २०० लिटरची टाकी आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकी पहिल्यांदा भरायला सात-आठ किलो मीठ लागणार. त्यानंतर दर आठवड्याला दहावा भाग, म्हणजे २० लिटर पाणी बदललं तर वर्षभरात आणखी ३९ किलोच्या आसपास. रीफसाठी मिळणारं तयार मीठ बहुतेक परदेशी ब्रँडचं असतं. ते किलोला ३०० रुपये धरलं तरी पहिल्या वर्षाचा आकडा १४ हजारांवर जातो. तेवढंच खडे मीठ २० रुपये किलोनं घेतलं, तर हजार रुपयांच्या आत काम होतं. शेवटी दोन्ही मीठच आणि दोन्ही समुद्राचंच, मग बादलीवर इंग्रजी नाव छापलंय म्हणून पंधरापट पैसे का मोजायचे?

शंका रास्त आहे. उत्तर मिळतं मिठागरात.

मीठ समुद्रातलं, पण समुद्र नव्हे

पेण-उरणकडच्या किंवा शिरोड्याच्या मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात आणि उन्हात आटवत नेतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाणी उडून गेलं आणि समुद्रातलं होतं नव्हतं ते सगळं खाली उरलं. तसं होत नाही. समुद्राच्या पाण्यातले क्षार एकदम खाली बसत नाहीत, ते रांगेनं बसतात.

पाणी आटून साधारण निम्म्यावर आलं की आधी चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तळाशी जातो. पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम बसतं, त्यातही कॅल्शियमच. पाणी दहाव्या हिश्श्यापर्यंत आटतं तेव्हा कुठे आपलं नेहमीचं मीठ, सोडियम क्लोराईड, खडे धरू लागतं. युझिग्लिओ नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं हा क्रम १८४९ मध्येच मोजून ठेवला होता. मिठागरात पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्यांना तो मोजल्याशिवायच माहीत होता. म्हणून तर तिथं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात आणि मीठ धरतं ते शेवटच्या वाफ्यात.

मीठ धरल्यावर वर जे दाट, कडवट पाणी उरतं, ते काढून टाकतात. त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार भरलेले असतात. ते मिठात राहिले तर मीठ कडू लागतं आणि हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच मॅग्नेशियम क्लोराईड असतं. म्हणजे स्वयंपाकघराच्या दृष्टीनं मीठ जितकं चांगलं, कोरडं आणि पांढरं, तितकं ते समुद्रापासून दूर गेलेलं. गुजरातच्या कारखान्यांत हेच कडू पाणी फेकून न देता त्यातून ब्रोमीन आणि मॅग्नेशियमची रसायनं काढतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचा तो अभ्यासाचा एक मोठा विषय आहे.

थोडक्यात, कॅल्शियम आधीच्या वाफ्यांत राहिलं, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम कडू पाण्यासोबत गेलं आणि मधला तुकडा पोत्यात भरला गेला. दुधापासून तूप काढता येतं, पण तुपात पाणी ओतलं म्हणून दूध परत मिळत नाही. खडे मिठात पाणी घालून समुद्र करणं हा त्यातलाच प्रकार आहे.

सैंधव किंवा गुलाबी मीठ घेऊन यातून सुटका होत नाही. तेही कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचा तोच मधला तुकडा आहे.

लिटरभर समुद्रात काय काय असतं?

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे १९.४ ग्रॅम क्लोराईड आणि १०.८ ग्रॅम सोडियम असतं. दोन्ही मिळून क्षारांचा ८६ टक्के भाग झाला. उरलेल्या पाच ग्रॅमांत २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास. शिवाय चिमूटभर बायकार्बोनेट, त्याहून कमी ब्रोमाईड, स्ट्रॉन्शियम, बोरॉन वगैरे.

आता खाण्याच्या मिठात सोडियम क्लोराईड किमान ९६ टक्के हवं, असा नियम आहे. म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलं, तर बाकी सगळ्यासाठी जास्तीत जास्त १.४ ग्रॅम जागा उरते, त्यातच माती आणि न विरघळणारा गाळही आला. हवेत होते पाच ग्रॅम. चांगल्या मिठात तर १.४ ग्रॅमसुद्धा उरत नाहीत.

खरी फसगत यापुढे होते. पाणी झालं का हे बघायला हौशी माणूस हायड्रोमीटर बुडवतो किंवा रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवतो. काटा बरोबर १.०२६ च्या जवळ येतो आणि माणूस खूश होतो. पण हायड्रोमीटरला फक्त पाण्याची घनता कळते आणि रिफ्रॅक्टोमीटरला फक्त त्यातून प्रकाश किती वाकतो ते. पाण्यात कोणते क्षार आहेत, हे दोघांनाही कळत नाही. निव्वळ मीठ घातलं तरी काटा तिथंच येणार. रिफ्रॅक्टोमीटर तपासायला तर मुद्दामच निव्वळ मिठाचं पाणी वापरतात: ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. या पाण्यात समुद्राचं दुसरं काहीही नसतं, तरी यंत्र त्याला ३५ म्हणजे अस्सल समुद्र समजतं.

मग मासे जगतात कसे?

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण खडे मिठाच्या पाण्यात क्लाउनफिश ठेवून 'बघा, काही होत नाही' असं दाखवणारे सापडतात. ते खोटं बोलत असतील असं नाही. मासा आपल्या रक्तातल्या क्षारांचा तोल स्वतः राखतो. समुद्री मासा खारं पाणी पितो आणि नको ते क्षार गलफडांतून व लघवीतून बाहेर टाकतो. लागणारी खनिजं त्याला काही प्रमाणात अन्नातूनही मिळतात. त्यामुळे पाण्याचं मिश्रण बिघडलेलं असलं तरी तो बराच काळ रेटू शकतो. रीलचं आयुष्य एक मिनिटाचं, माशाचा त्रास दिसायला त्याहून जास्त वेळ लागतो.

प्रवाळाकडे हा पर्याय नाही. पोवळ्याच्या अंगठीमुळे अनेकांना तो दगड वाटतो, पण प्रवाळ हा प्राणी आहे आणि दगडासारखा दिसतो तो त्याचा सांगाडा. सांगाडा बांधायला तो पाण्यातलंच कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतो. गवंडी दारात उभा आणि वाळू-सिमेंटचा पत्ता नाही, अशी अवस्था खडे मिठाच्या पाण्यात त्याची होते. रीफ टाकीत कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. मॅग्नेशियमचं काम जरा वेगळं आहे. ते पाण्यातल्या कॅल्शियमला आपोआप चुना होऊन खाली बसू देत नाही. ते नसेल तर वरून कितीही कॅल्शियम ओता, ते प्रवाळाच्या अंगी लागण्याऐवजी पंपावर आणि हीटरवर पांढरा थर होऊन बसतं.

बायकार्बोनेट नसल्यानं आणखी एक घोळ होतो. ते पाण्याचा पीएच सावरून धरतं. निव्वळ मिठाच्या पाण्यात हा आधारच नसतो, त्यामुळे दिवसा लाईट चालू असताना आणि रात्री बंद असताना पीएच हेलकावे खात राहतो.

आणि हे फक्त प्रवाळाचं दुखणं नाही. याचा मोठा धडा समुद्रापासून फार लांब, हरयाणात मिळाला. तिथल्या क्षारपड जमिनींखालचं पाणी खारट, शेतीला निरुपयोगी. मग त्यात कोळंबी वाढवायचं ठरलं. मुंबईच्या वर्सोव्यातल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं एक केंद्र रोहतकजवळ लाहलीला आहे. पाण्याचा खारटपणा कोळंबीला चालेल एवढा होता, तरी कोळंबी त्यात तग धरत नव्हती. कारण त्या भूजलात पोटॅशियम फार कमी होतं. उपाय निघाला तो खताच्या दुकानातला. म्युरेट ऑफ पोटॅश, ज्याला शेतकरी नुसतं 'पोटॅश' म्हणतो, ते मोजून पाण्यात घातलं आणि कोळंबी जगू लागली. खारटपणा होता तेवढाच राहिला, फक्त हरवलेला एक क्षार परत आला.

मिरज, वाळवा भागात उसाला पाणी जास्त होऊन क्षारपड झालेली रानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे पटायला वेळ लागू नये. जमीन 'खारी' आहे एवढं कळून भागत नाही, कोणता क्षार किती आहे हे माती परीक्षणातूनच कळतं.

जेवणात चालतं, टाकीत का नाही?

दुसरी अडचण अशुद्धतेची. आणि इथं भलत्याच गोष्टीला जास्त घाबरलं जातं, ती म्हणजे आयोडीन.

आपल्याकडे २००६ पासून खाण्यासाठी विकलं जाणारं मीठ आयोडीनयुक्त असणं बंधनकारक आहे. ग्राहकाच्या हाती पडताना त्यात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं. असं मीठ लिटरला ३५ ग्रॅम घातलं तर पाण्यात अर्धा मिलिग्रॅम आयोडीन येतं. समुद्रात ते ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे आठ-नऊपट. हे चांगलं नाहीच, पण टाकी आयोडीनमुळेच मेली असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी तांब्याकडेही बघावं.

खाण्याच्या मिठासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात किलोमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं. माणसाला त्यानं काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, त्यातून पोटात जाणारं तांबं नगण्य. प्रवाळ मात्र मीठ चवीपुरतं घेत नाही, तो लिटरला ३५ ग्रॅम मिठात चोवीस तास बुडालेला असतो. मानकात बसणाऱ्या मिठातूनसुद्धा लिटरला ०.०७ मिलिग्रॅम तांबं येऊ शकतं. खुल्या समुद्रात ते एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं औषध म्हणून वापरतात, आणि ते औषध प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी असलेल्या टाकीत कधीही टाकत नाहीत, कारण हे जीव त्यानं मरतात. प्रत्येक पोत्यात इतकं तांबं असतं असं अजिबात नाही. अडचण ही आहे की एका पोत्यात किती आणि दुसऱ्यात किती, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

पुडीतलं बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात गुठळ्या न होऊ देणारी भुकटी घालतात, त्यात कधी पोटॅशियम फेरोसायनाईड असतं. लोह मिसळलेलं 'डबल फोर्टिफाइड' मीठही बाजारात आहे. माणसासाठी ते उपयोगाचं, पण टाकीत लोह म्हणजे शेवाळाला आमंत्रण.

मग घरीच पूर्ण मिश्रण करता येईल?

येईल. आणि ही कल्पना रीलवाल्यांची नाही, ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे. लंडनमध्ये १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय सुरू झालं, तेव्हा किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी वाहून आणणं महाग पडायचं. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकानं १८५४ मध्ये घरगुती समुद्राची कृती छापली. त्यात चार जिन्नस होते: साधं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड. पुढे १९४० मध्ये लायमन आणि फ्लेमिंग या दोघांनी दहा क्षारांचं काटेकोर सूत्र दिलं, ते प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरलं गेलं.

त्या सूत्राच्या आधारे १०० लिटरचा हिशेब मांडला तर तो साधारण असा येतो. शुद्ध मीठ २.७ किलो, एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट ७०० ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराईड ५०० ग्रॅमच्या वर थोडं, कॅल्शियम क्लोराईड १५० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड ७० ग्रॅम, खाण्याचा सोडा २० ग्रॅम आणि ब्रोमाईड, बोरिक ॲसिड, स्ट्रॉन्शियम अगदी थोडं. एकूण चार किलोंच्या वर जातं, कारण एप्सम मिठासारख्या खड्यांत पाणीही धरलेलं असतं.

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला ही यादी अर्धी ओळखीची वाटेल. मॅग्नेशियम सल्फेट आणि पोटॅश त्याच्या गोडाऊनमध्ये असतंच. पण मोह इथंच आवरायचा. खताच्या दर्जाचं रसायन पिकासाठी पुरेसं शुद्ध असतं, प्रवाळासाठी नाही. आणि कृषी सेवा केंद्रात 'कॅल्शियम द्या' म्हटलं की बहुतेक वेळा कॅल्शियम नायट्रेट हातात पडतं. ते वेलीला चालतं, टाकीत मात्र नायट्रेट वाढू नये म्हणून तर दर आठवड्याला पाणी बदलायचं असतं. पिशवीवरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय काहीही ओतू नये.

घालण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. कॅल्शियम क्लोराईड आणि सोडा थोड्या पाण्यात एकत्र कालवले तर लगेच दुधी पाणी होतं आणि तळाशी चुना बसतो. म्हणून मीठ आणि मॅग्नेशियमचे क्षार आधी पूर्ण विरघळवून घ्यायचे, मग कॅल्शियम वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घालायचं आणि सोडा सगळ्यात शेवटी. पंप लावून पाणी किमान एक दिवस फिरू द्यायचं आणि मग कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारीयता तिन्ही टेस्ट किटनं तपासायचं.

हे सगळं करून पैसे वाचतात का? वाचतात, पण वाटलं होतं तेवढे नाहीत. यादीत स्वस्त आहे ते फक्त मीठ. चांगल्या दर्जाची बाकीची रसायनं किरकोळीत महाग पडतात, काटा चांगला लागतो, टेस्ट किट लागतात, आणि एका रविवारची चूक महिनाभराची बचत घेऊन जाते. हजार-दोन हजार लिटरच्या टाकीवाल्याला किंवा चार-पाच जणांनी मिळून माल आणला तर हा उद्योग परवडतो. २०० लिटरच्या टाकीसाठी तयार मीठ घेणं बहुतेकांना सोयीचं पडेल. शिवाय लाईट, स्किमर, पंप, उन्हाळ्यात पाणी २६-२७ अंशांवर ठेवणारा चिलर आणि लाईट गेल्यावर लागणारा इन्व्हर्टर यांच्या पुढे मिठाचा खर्च तसाही मोठा राहत नाही. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात तर नाहीच.

पाणी कुठलं?

मिठाची एवढी चर्चा झाल्यावर नळाचं पाणी सरळ ओतणारेही असतात. साताऱ्यात कासचं पाणी असो की सांगलीत कृष्णेचं, नळाला येताना त्यात क्लोरीन असतं आणि थोडे क्षार. बोअरचं पाणी तर आणखी जड. काळ्या पाषाणातून आलेल्या ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आधीच भरलेलं असतं. शेतीच्या भागात नायट्रेटही असतं.

म्हणून आरओचं पाणी लागतं. पण स्वयंपाकघरातला आरओ जसाच्या तसा चालत नाही. चव यावी म्हणून त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळायची सोय असते. टाकीसाठी ती बंद हवी, आणि शेवटी डीआय रेझिनची नळी लावून टीडीएस शून्यावर आणायचा. मिठाचा दर्जा पाण्यानं बिघडू नये एवढंच.

एक चूक मात्र जवळजवळ सगळे नवखे करतात. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात भराभर उडतं, आणि ती घट ते खाऱ्या पाण्यानं भरतात. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. त्यामुळे घट नेहमी गोड्या आरओ पाण्यानंच भरायची, नाहीतर आठवड्यागणिक खारटपणा चढत जातो.

थेट कोकणातून आणलं तर?

खरं तर स्वस्त समुद्र हाच. सांगलीहून कोल्हापूर, आंबा घाट करत रत्नागिरी पावणेदोनशे किलोमीटर. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर साधारण दीडशे. पूर्वी याच घाटवाटांनी बैलांच्या पाठीवर मीठ वर यायचं आणि धान्य खाली जायचं. आता सुट्टीवरून परतताना गाडीत २० लिटरचे चार-पाच कॅन सहज येतात. १०० लिटर पाण्याचं वजन १०२ किलोंच्या वर भरतं, तेवढं ध्यानात ठेवून गाडी भरायची.

पण पाणी कुठून आणि कधी घेताय यावर सगळं आहे. मिरकरवाड्यासारख्या बंदरात डिझेल आणि मासळीचा कचरा असतो, तिथलं नको. खाडीच्या तोंडाशी नको, तिथं नदीचं गोडं पाणी मिसळतं. आणि पावसाळ्यात, तसंच त्यानंतरचे काही आठवडे कुठलंच नको. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या तेव्हा लाल पाणी ओततात, किनाऱ्याचा खारटपणा उतरतो आणि गाळ वाढतो. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, भरतीच्या वेळी, खुल्या खडकाळ किनाऱ्यावरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. खाण्याच्या वस्तूंसाठीचे नवे कॅन वापरायचे, तेलाचे किंवा औषधाचे जुने नाहीत. घरी आणून बारीक कापडातून गाळायचं, अंधारात काही दिवस निवू द्यायचं आणि खारटपणा मोजूनच वापरायचं.

रत्नागिरीला गेलात तर झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र बघून या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्रात समुद्री माशांच्या टाक्या आणि संग्रहालय आहे.

पाण्यासोबत किनाऱ्यावरून दुसरं काही मात्र उचलायचं नाही. कडक सांगाड्याचे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. 'छोटासा तुकडा तर घेतला' हे कारण तिथं चालत नाही. टाकीत रचायला लागणारे 'लाइव्ह रॉक' म्हणून विकले जाणारे दगडही बऱ्याचदा प्रवाळाचे सांगाडेच असतात. त्याऐवजी सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड घेतले, तरी काही महिन्यांत त्यांवर हवे ते जिवाणू बसतात. प्रवाळ विकणाऱ्यानं तो कुठून आला याची कागदपत्रं दाखवली नाहीत, तर तो व्यवहार तिथंच सोडलेला बरा.

मग घरात आणलेल्या खडे मिठाचं काय करायचं?

ते वाया जाणार नाही. माशांच्या पिल्लांना खाऊ घालायला आर्टिमियाची अंडी उबवतात, त्यासाठी आयोडीन नसलेलं खडे मीठ उत्तम चालतं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली उलटी धरून तिचा तळ कापायचा, लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा, खालून हवेची नळी सोडायची आणि वर लाईट लावायचा. पाणी २७-२८ अंशांवर असेल तर साधारण चोवीस तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. ते गाळून घ्यायचे, गोड्या पाण्यानं एकदा धुवायचे आणि मगच टाकीत सोडायचे, म्हणजे बाटलीतलं मीठ टाकीत जात नाही.